व्हिडिओ कुठे थांबवायचा? प्राथमिक वर्गातल्या डिजिटल साहित्याबद्दल सोप्या भाषेत

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ साली या गावानं ठरवलं, की संध्याकाळी ७ वाजता भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद करायचे आणि पोरांनी अभ्यासाला बसायचं. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत कुणी पडद्याला हात लावायचा नाही. ही बातमी देशभर गेली. त्याच जिल्ह्यात आणि शेजारच्या साताऱ्यातही गावकरी जिल्हा परिषद शाळांना वर्गणी काढून टीव्ही घेऊन देतात आणि ‘आमची शाळा डिजिटल झाली’ म्हणून अभिमानानं सांगतात.

पालकांचा गोंधळ इथंच होतो. पडदा घरात वाईट असेल तर शाळेत चांगला कसा? आणि शाळेत चांगला असेल तर घरात बंद कशासाठी?

पडदा चालू असताना मुलाचं डोकं काय करतंय, यावर याचं उत्तर ठरतं. ते कसं, ते पायरीपायरीनं पाहू.

डिजिटल साहित्यात काय काय येतं?

शाळेत ‘डिजिटल साहित्य’ म्हटलं की डोळ्यांपुढे टीव्ही येतो. पण टीव्ही हे नुसतं भांडं झालं. आत काय शिजतंय ते महत्त्वाचं. मुलाला काय करावं लागतं या दृष्टीनं पाहिलं तर या साहित्याचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार नुसतं बघायचा: व्हिडिओ, बोलकी गोष्ट, कवितेची चाल. दुसरा निवडायचा: चार पर्यायांपैकी बरोबर पर्यायाला बोट लावायचं, जोड्या जुळवायच्या. तिसरा हलवून बघायचा: पडद्यावर तराजू असतो, मूल एका पारड्यात वजन टाकतं आणि काय होतं ते पाहतं. अशा हलवून बघायच्या साहित्यात ‘फेट’ हा अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठानं २००२ साली सुरू केलेला संच नावाजलेला आहे. तो फुकट आहे आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीतही मिळतात.

आपल्याकडचं सगळ्यात हाताशी असलेलं साहित्य म्हणजे बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपमधून तो कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. कोड पुसट झाला असेल, पानावर पाणी सांडलं असेल, तर खाली छापलेली सहा अक्षरं टाईप केली तरी चालतं. ही सोय अनेकांना माहीत नसते. साहित्य डाउनलोड करून ठेवलं की नंतर नेट नसलं तरी दिसतं. पाटण, जावळीच्या डोंगरातल्या ज्या शाळांना रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं, त्यांच्यासाठी हे ‘आदल्या संध्याकाळी डाउनलोड’ म्हणजे अर्धं काम झालं.

‘मुलं किती गुंग होतात बघा!’

शाळेत टीव्ही आल्यावर सगळ्यात आधी ऐकू येणारं वाक्य हे. ते खरंच असतं. पण गुंग होणं वेगळं आणि गुंतणं वेगळं.

शिक्षणाचे अभ्यासक मुलांच्या या गुंतण्याला ‘सहभाग’ म्हणतात. फ्रेडरिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या तीन अमेरिकी संशोधकांनी २००४ साली त्याची तीन अंगं मांडली आणि आजही बहुतेक जण त्यांचाच आधार घेतात. एक वागण्यातला सहभाग: मूल जागेवर आहे, समोर बघतंय, गडबड करत नाही. दुसरा भावनेतला: त्याला मजा येतेय, तास हवाहवासा वाटतो. तिसरा विचारातला: ते मनात ताडून बघतंय, अंदाज बांधतंय, चुकतंय, चूक दुरुस्त करतंय.

कुंडलचं कुस्ती मैदान डोळ्यांपुढे आणा. हजारो माणसं टेकडीवर बसलेली, नजर हलत नाही, डाव पडला की एकच आरोळी. वागण्यातला सहभाग पुरा आहे, भावनेतला तर ओसंडून वाहतोय. पण संध्याकाळी घरी जाताना त्यातल्या कुणाला धोबीपछाड मारता येत नाही. तो येतो तालमीत, लाल मातीत, शंभरदा पडून. पडद्यापुढं बसलेला वर्ग हा मैदानातला प्रेक्षक असतो. तिथून त्याला मातीत उतरवायचं काम शिक्षकाचं आहे.

म्हणून शांत बसलेला वर्ग बघून कुणी, मग ते केंद्रप्रमुख असोत की पालक, ‘छान चाललंय’ असा शेरा देण्याची घाई करू नये. कार्टून लावलं तरी वर्ग तितकाच शांत बसतो.

चरकात ऊस किती घालायचा?

आता मुलाच्या डोक्यात काय चालतं ते पाहू. एका वेळी मनात धरून ज्याच्यावर काम करता येतं, त्या छोट्याशा जागेला ‘कार्यस्मृती’ म्हणतात. मोठ्या माणसाच्या कार्यस्मृतीतही चारेक गोष्टीच मावतात. सहा-सात वर्षांच्या मुलाची जागा याहून लहान असते.

गुऱ्हाळातल्या चरकासारखं हे आहे. दोन-तीन कांडी घातली की रस येतो. घाईनं मोळीच कोंबली तर चरक अडकतो, आणि मग रसही नाही आणि ऊसही वाया. व्हिडिओ एका दमात चालत राहिला की नेमकं हेच होतं. पहिलं वाक्य पिळून होण्याआधी दुसरं येतं, त्यावर तिसरं. मूल सोडून देतं आणि नुसतं रंग बघत बसतं. बाहेरून मात्र ते ‘गुंग’ दिसतं.

व्हिडिओ निवडायचे निकष यातूनच निघतात. पहिली-दुसरीला दोन ते तीन मिनिटांचा, चौथीला फार तर पाच मिनिटांचा. एका व्हिडिओत एकच मुद्दा. मागं सतत वाजणारं संगीत नको, कोपऱ्यात नाचणारा ससा नको. असल्या सजावटीवर बहुमाध्यम शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांनी पुष्कळ प्रयोग केले. धड्याशी संबंध नसलेली गंमत काढून टाकली की शिकणाऱ्याला जास्त कळतं, हा त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा निघालेला निष्कर्ष. ससा चरकात जागा खातो, रस मात्र देत नाही.

आणखी एक, भाषेचं. व्हिडिओतला आवाज पुस्तकी मराठीत, भरभर बोलतो. जतच्या सीमेवरच्या गावात घरी कन्नड बोलणारं मूल असो की माणदेशी बोलीतलं मूल, पहिलीत त्याला अर्धं निसटतं. उपाय साधा आहे. आवाज बंद करायचा, चित्र चालू ठेवायचं आणि बाईंनी स्वतःच्या शब्दांत सांगायचं. पत्र्याच्या छतावर जुलैचा पाऊस कोसळतो तेव्हा तसंही टीव्हीचं काही ऐकू येत नाही. तिथं हा उपाय आपोआप होतोच, तो एरवीही मुद्दाम करावा.

५२ वजा २७: एक तास जवळून

दुसरी-तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवताना नेहमी दिसणारी चूक अशी: ५२ मधून २७ वजा करायला दिले की मूल ३५ लिहितं. का? दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन काढतं. मोठ्यातून लहान. पाच आले. मग पाचातून दोन, तीन. पस्तीस. हा हलगर्जीपणा नव्हे. मूल स्वतःचा एक नियम लावतंय, आणि तो मनापासून लावतंय.

आता यावर दशक सुटा करून दाखवणारा अडीच मिनिटांचा व्हिडिओ लावला. एक गठ्ठा उडत येतो, टप्पकन फुटतो, दहा काड्या होतात. मुलं खूश. ‘कळलं का?’ ‘व्हय बाईऽऽ!’ पाटीवर गणित दिलं की पुन्हा पस्तीस. व्हिडिओ चांगलाच होता, मुलांचं लक्षही होतं. पण गठ्ठा फोडायचा निर्णय व्हिडिओनं घेतला, मुलानं घेतलाच नाही.

हाच तास असा घेता येतो. २४ मुलांचे चार-चारांचे ६ गट. प्रत्येक गटाला ५२ काड्या: रबर लावलेले दहाचे ५ गठ्ठे आणि २ सुट्या. म्हणजे ३१२ काड्या आणि ३० रबर, हे आदल्या दिवशी मोजून ठेवायचं. पहिली दहा मिनिटं टीव्ही बंद. ‘यातल्या २७ काड्या मला द्या,’ एवढंच सांगायचं आणि गप्प राहायचं. मुलं अडतात. कुठल्यातरी गटात कुणीतरी रबर काढतं. एखादा गट तीन गठ्ठे देतो आणि ‘तीन परत द्या’ म्हणतो. हेही अगदी बरोबर आहे, त्याला ‘असं नाही’ म्हणू नये.

मग व्हिडिओ, आणि तो तीन ठिकाणी थांबवायचा.

पहिला थांबा: दोनातून सात काढायची वेळ आली की लगेच. ‘आता पुढं काय होईल? पाटीवर लिहा, नाहीतर चित्र काढा.’ मग एकदम ‘पाट्या वर!’ हात वर करायला सांगितलं तर नेहमीचेच चार-पाच हात वर येतात. पाट्या वर केल्या की चोवीसच्या चोवीस उत्तरं एका नजरेत दिसतात. यापेक्षा स्वस्त आणि खरं तपासणीचं साधन अजून निघालेलं नाही.

दुसरा थांबा: गठ्ठा फुटल्याबरोबर. ‘आता गठ्ठे किती, सुटे किती?’ उत्तर ४ आणि १२. पण बऱ्याच पाट्यांवर ५ आणि १२ दिसेल. गठ्ठा फोडला हे कळलं, तो कमी झाला हे राहिलं. इथं विचारायचं, ‘मग एकूण काड्या किती झाल्या?’ बासष्ट. ‘दहा काड्या कुठून आल्या?’ वर्गात जी कुजबूज होते, ती विचारातल्या सहभागाची. त्या दोन मिनिटांसाठीच सगळा तास आहे.

तिसरा थांबा: उत्तर दिसायच्या आधी. मुलांनी आधी लिहायचं, मग व्हिडिओला लिहू द्यायचं. शेवटी २५ आणि २७ ची बेरीज करून ५२ येतात का ते बघायचं.

अडीच मिनिटांच्या व्हिडिओला अशी बारा-तेरा मिनिटं लागतात. लागू द्यावीत. दहा पाट्यांवर पस्तीस आले तर व्हिडिओ परत लावू नये, काड्यांकडे परतावं. दुसऱ्या दिवशी टीव्ही न लावता ४३ वजा १८ आणि ६१ वजा ३४ द्यावं. पहिल्याचं ३५ आणि दुसऱ्याचं ३३ आलं तर जुना नियम अजून जिवंत आहे असं समजावं. बरोबर उत्तरं आहेत २५ आणि २७.

संख्यानावांचंही थोडं सांगायला हवं. बालभारतीनं २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं तेव्हा मोठा वाद झाला. भाषेच्या बाजूनं कुणाचं काहीही मत असो, वजाबाकीच्या तासाला ‘बावन्न, म्हणजे पन्नास आणि दोन’ असं जोडीनं म्हटलं की मुलाला दशक ऐकू येतो. ‘बावन्न’ या शब्दात दोन आधी येतात, लिहिताना पाच आधी. व्हिडिओतला आवाज ‘बावन्न’ म्हणून पुढं पळतो. तो थांबवायचं हेही एक कारण.

खिडकीतून दिसतं ते पडद्यावर कशाला?

उसाच्या पट्ट्यातल्या शाळेत ऊस कसा वाढतो याचा व्हिडिओ लावणं म्हणजे दारात विहीर असताना बाटलीतलं पाणी पाजणं. मुलांना बांधावर न्यावं. पडद्यावर आणावं ते डोळ्यांना दिसत नाही ते: फार हळू घडणारं, फार जलद घडणारं, फार लहान, फार मोठं, किंवा शरीराच्या आणि जमिनीच्या आत दडलेलं.

दोन्हींची सांगड मटकीत उत्तम बसते. मटकी रात्री भिजत घातली, सकाळी ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. हे प्रत्येक घरात होतं. मुलांना विचारा, हा पांढरा मोड म्हणजे रोपाचा कुठला भाग? बहुतेक जण ‘खोड’ किंवा ‘कोंब’ सांगतात. खरं तर आधी बाहेर येतं ते मूळ. फडक्यात हे कळत नाही, कारण मोड हवे तसे वाकलेले असतात. इथं पडद्याचा उपयोग आहे. कित्येक दिवसांचं रुजणं एका मिनिटात दाखवणारा व्हिडिओ लावला, की बी कसंही पडलेलं असलं तरी मूळ वळून खालीच जाताना दिसतं. आधी फडकं, मग अंदाज, मग पडदा, आणि पुन्हा आपल्या मटकीकडे. हा क्रम उलटा केला तर मुलं मटकीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

दोनशिक्षकी शाळांना हाच व्हिडिओ आणखी कामाचा आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडच्या वाड्यावस्त्यांवर पहिली ते चौथीची पंधरा-वीस मुलं एकत्र बसतात. तिथं ‘चौथी टीव्ही बघते, तोवर दुसरीला शिकवतो’ असा मोह होतो. तो टाळावा. टीव्हीच्या आवाजात दुसरीचं लक्ष जातं आणि चौथीचा व्हिडिओ थांबवायला कुणी नसतं. त्यापेक्षा एकच व्हिडिओ सगळ्यांना एकत्र दाखवून काम वेगवेगळं द्यावं. पहिलीनं दिसलेल्या गोष्टींची नावं सांगायची, दुसरीनं चार चित्रं क्रमानं लावायची, तिसरीनं तीन वाक्यं लिहायची. आणि चौथीला प्रश्न: पानांच्या आधी मूळ का आलं असेल?

‘पण क्विझमध्ये दहापैकी दहा पडतात की!’

टॅबवरच्या चाचण्यांचा हिशोब एकदा समजून घ्यावा. चार पर्याय असले की डोळे मिटून बोट लावलं तरी चारांत एकदा बरोबर येतं. म्हणजे दहा प्रश्नांत दोन-तीन गुण फुकटचे. त्यातून चुकल्यावर पुन्हा बोट लावायची मुभा असेल तर प्रत्येक मूल दहापर्यंत पोचतंच. लाल आलं, दुसरं दाबलं, लाल आलं, तिसरं दाबलं, हिरवं! नाणी पडल्याचा आवाज. भावनेतला सहभाग भरपूर, विचारातला शून्य.

दोन साध्या गोष्टींनी हे सुधारतं. एक, आधी पाटीवर उत्तर लिहायचं, मगच बोट लावायचं. दोन, शिक्षकानं एकूण गुण न बघता पहिल्याच फटक्याला किती बरोबर आली ते बघायचं.

एका टॅबवर पाच मुलं बसवली की एक चालवतं, एक शेजारून सांगतं आणि तीन आभाळाकडे बघतात. दोघांत एक टॅब असेल तर उत्तम. तेवढे टॅब नसतील तर बाकीच्यांना त्याच विषयाचं हातानं करायचं काम द्यावं आणि दहा मिनिटांनी अदलाबदल करावी. बोट लावणाऱ्यानं बोलायचं नाही, शेजाऱ्यानं सांगायचं आणि कारणही द्यायचं, असा नियम केला की दोघांचंही डोकं चालतं.

‘आता आठवतंय’ आणि ‘शिकलंय’ यांतही अंतर असतं. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली महाविद्यालयीन मुलांवर केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्यानंतर बाजी मारली ती, न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी. व्हिडिओ पुन्हा बघणं हे पुन्हा वाचण्यासारखंच. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकून ‘मुलांना दाखवा’ लिहिण्यापेक्षा ‘मटकीचा मोड म्हणजे काय, हे आज आजीला समजावून सांगायचं’ असं लिहिलं तर सातच्या भोंग्यानंतरही अभ्यास होतो, मोबाईल न उघडता.

मागच्या ओळीतल्या मुलाला दिसतंय का?

हा प्रश्न टीव्ही विकत घेताना क्वचित विचारला जातो. ठोकताळा असा: वाचायचा मजकूर असेल तर शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावं. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंटीमीटर, त्याची सहापट म्हणजे सुमारे सव्वातीन मीटर, साडेदहा फूट. ५५ इंचीला सव्वातेरा ते साडेतेरा फूट, ६५ इंचीला सोळा, ७५ इंचीला अठरा फूट. वीस फूट लांब खोलीत ४३ इंची टीव्ही लावला की मागच्या दोन ओळी नुसत्या हलणाऱ्या रंगांकडे बघतात आणि मग चुळबूळ करतात. आपण त्यांना ‘लक्ष नाही’ म्हणून रागावतो.

मोठा टीव्ही घेण्याआधी सतरंजी पुढं ओढून बघावी. पंचवीस मुलं तीन अर्धगोल ओळींत बसली तर ५५ इंची पुरतो. देवनागरीची अडचण वेगळी आहे: उकार, रफार, जोडाक्षरं बारीक असतात. ‘ष्ट’, ‘कृ’ आणि ‘कू’, ‘ऱ्या’ पडद्यावर आणून सगळ्यात मागच्या मुलाला वाचायला सांगा. वाचता आलं नाही तर अक्षर वाढवा.

खाली बसणाऱ्या मुलांसाठी टीव्हीची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असावी. चोरीच्या भीतीनं तो छताजवळ टांगला तर माना दुखतात. समोर खिडकी असेल तर दुपारी पडद्यात खिडकीच दिसते, म्हणून खिडकीच्या काटकोनातली भिंत निवडावी.

विजेचा हिशोबही आधी करावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची असते. ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरमध्ये होणारी घट धरायची, म्हणजे हातात सातेकशे वॅट-तास उरतात. शंभर-सव्वाशे वॅटचा टीव्ही त्यावर सहा तास चालतो, तीनशे वॅटचा प्रोजेक्टर जेमतेम सव्वादोन. मे महिन्याच्या सुट्टीत चार्जिंगविना पडलेली बॅटरी जूनमध्ये बहुधा मेलेली निघते. सुट्टीत कुणीतरी पंधरा दिवसांतून एकदा चार्ज करावी, पाणी बघावं. आणि वळवाचे ढग दिसले की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढून ठेवावी.

पेन ड्राइव्हवर व्हिडिओ दिसतो पण चालत नाही, ही तक्रार नेहमीची. बहुतेक टीव्हींना एमपी-फोर चालतं, बाकी प्रकार चालतीलच असं नाही. ‘फॅट-३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. आपल्याला तीन मिनिटांचे तुकडे हवेत, त्यामुळे ही अडचण खरं तर यायलाच नको.

‘डोळ्यांचं काय?’

मोबाईल एक वीत अंतरावर धरून तासभर बघणं आणि बारा फुटांवरचा टीव्ही पाच मिनिटं बघणं, यात डोळ्यांवरच्या ताणाचा मोठा फरक आहे. लहान वयात लांबचं अंधुक दिसण्याचा दोष वाढतो तो मुख्यतः जवळचं काम आणि उन्हात-मोकळ्यावर कमी वेळ, यांमुळं. मधल्या सुट्टीत मैदान असणं डोळ्यांसाठीही गरजेचं आहे, ते पडद्यासाठी कापू नये. २०२० साली केंद्र सरकारनं ऑनलाइन शिक्षणासाठी काढलेल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रं सांगितली होती. ती टाळेबंदीच्या काळातली कमाल मर्यादा होती. शिक्षक समोर असलेल्या वर्गाला एवढ्या वेळाची गरज पडत नाही.

‘यंत्रं दिली की मुलं शिकतात, याला पुरावा काय?’

यंत्रं दिल्यानं शिकतात, असा पुरावा नाहीच. पेरू देशात ग्रामीण प्राथमिक शाळांतल्या मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. २०१२ साली आलेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषेच्या चाचण्यांत काही फरक पडलेला दिसला नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालानंही बजावलं, की तंत्रज्ञानाच्या फायद्याचे निःपक्ष पुरावे फार थोडे आहेत.

दुसऱ्या बाजूला दिल्लीतला ‘माइंडस्पार्क’ या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रयोग आहे, त्याचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. प्रामुख्यानं सहावी ते नववीची मुलं शाळेनंतरच्या केंद्रात हिंदीतून हे सॉफ्टवेअर वापरत आणि सोबत लहान गटाला शिकवणारा माणूसही असे. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक प्रगती झाली. पेरूत मुलाच्या हातात यंत्र दिलं आणि सोडलं. दिल्लीत सॉफ्टवेअर आधी मूल कुठं अडलंय ते शोधत होतं. मूल आठवीत असलं पण चौथीचं गणित येत नसलं, तर चौथीचंच गणित त्याच्यापुढे येत होतं. ही मुलं मोठी होती, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा पहिलीला लावू नये.

साताऱ्याला यातला गाभा नवा नाही. ज्ञानरचनावादासाठी, म्हणजे मुलानं स्वतः करून बघत शिकण्याच्या पद्धतीसाठी, गाजलेल्या कुमठे बीटच्या (शाळांच्या एका गटाच्या) शाळा बघायला राज्यभरचे शिक्षक येऊन गेले. तिथं बघण्यासारखं होतं ते जमिनीवर आखलेल्या चौकटी, मण्यांच्या माळा, काड्या, शब्दपट्ट्या आणि त्यांत डोकं घातलेली मुलं. टीव्ही या रांगेत शेवटी येऊन बसावा. त्यानं काड्यांची जागा घ्यायला जाऊ नये.

वर्गणी गोळा करण्याआधी

शाळा व्यवस्थापन समितीनं टीव्हीचा आकार ठरवण्याआधी तीन खर्च वहीत मांडावेत: दरमहा वीजबिल कोण भरणार, तीन-चार वर्षांनी बॅटरी कोण बदलणार आणि बिघडलं तर तालुक्याच्या गावाहून दुरुस्ती करणारा येणार का. वीजबिल थकून जोडणी तुटलेली आणि टीव्ही कपाटात कुलूपबंद, हे चित्र नवं नाही. त्यामुळं नुकसान होतं ते दुसऱ्या खासगी शाळेत जायची ऐपत नसलेल्या मुलांचं. ७५ इंचीऐवजी ५५ इंची घेतला तर वाचलेल्या पैशात पंचवीस पाट्या, शंभर मण्यांच्या गणितमाळा, दशक-सुट्यांचे संच आणि पहिल्या वर्षाचं वीजबिल बसायला हरकत नाही.

टीव्ही प्रार्थनेच्या वेळी किंवा मधल्या सुट्टीतच चालू करून, व्हिडिओ उघडून, पहिल्या चित्रावर थांबवून ठेवावा. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा केबल हलवण्यात घालवू नयेत. आणि रिमोटचे दोन सेल जास्तीचे आणून टेबलाच्या खणात ठेवावेत. सेल संपले की ५२ वजा २७ चा व्हिडिओ बाईंना तीन ठिकाणी थांबवता येत नाही.